‘रुग्ण शांत आहे’ लिहिण्याआधी: आयसीयूत न बोलणाऱ्या रुग्णाचं दुखणं कसं ओळखायचं

नाइटच्या नोट्समध्ये ‘रुग्ण शांत आहे, झोप चांगली’ हे वाक्य मी किती वेळा लिहिलं असेल, याला गणती नाही. आयसीयूत लागून मला वर्षही झालं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. आतडं फुटून पोटाचं ऑपरेशन झालेले एक आजोबा व्हेंटिलेटरवर होते. रात्रभर हालचाल नाही, अलार्म नाही. फक्त डाव्या हाताच्या मुठीत चादर गच्च धरलेली. मी दोनदा ती बोटं सोडवली आणि चादर सरळ केली, कारण सकाळच्या राउंडला बेड नीट दिसायला हवा! तिसऱ्या दिवशी तोंडातली श्वासाची नळी निघाली. घोगऱ्या आवाजात त्यांनी पहिल्यांदा काय विचारलं असेल? ‘माझ्या पाठीखाली काय ठेवलं होतं?’ सेंट्रल लाइनचा (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीचा) थ्री-वे, म्हणजे तीन तोंडांचा प्लास्टिकचा जोड, खांद्याखाली सरकला होता. कातडीवर त्याचा तांबडा ठसा तसाच होता. रात्री मी त्यांना एका कुशीवर केलं होतं, पण त्या वेळी माझं लक्ष यूरोबॅगकडे (लघवीच्या पिशवीकडे) होतं, चेहऱ्याकडे नव्हतं.

तेव्हापासून नव्या सिस्टर-ब्रदरना मी एकच गोष्ट सांगत आले आहे. न हलणाऱ्या माणसाकडे लांबून बघून दुखतंय की नाही हे कळत नाही. त्याला हलवताना बघावं लागतं. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत. औषध कोणतं आणि किती, हे डॉक्टर ठरवतील. पण त्यांना फोन करायचा की नाही, हे आपल्या बघण्यावर ठरतं.

पहिली पायरी: आधी विचारा

तोंडात नळी आहे म्हणजे माणूस सांगू शकत नाही, असं आपण धरून चालतो. पण व्हेंटिलेटरवरचे बरेच जण डोळे उघडतात, मान हलवतात, बोट दाखवतात. जो सांगू शकतो त्याचंच म्हणणं पहिलं. आपली निरीक्षणं त्यानंतर.

विचारण्याआधी चष्मा लावा, कानाचं मशीन असेल तर ते घाला. ही दोन्ही बहुतेक वेळा नातेवाइकांच्या पिशवीत बाहेर असतात, मागून घ्या. घरी कोणती भाषा बोलतात तेही विचारून ठेवा. दिवसभर आपल्याशी मराठी बोलणारी आजी दुखण्याच्या वेळी अहिराणीत किंवा कोकणीत जाते. ओठ वाचायचे असतील तर हे माहीत हवं.

प्रश्न ‘त्रास होतोय का?’ असा नको. मराठीत त्रासाच्या पोटात सगळंच येतं: घशाला पडलेली कोरड, कोंडल्यासारखं वाटणं, भीती, घरची काळजी. रुग्ण ‘हो’ म्हणतो आणि आपण भलत्याच गोष्टीचं औषध देतो. सरळ ‘दुखतंय का?’ विचारा. मग जागेवर हात ठेवून ‘इथे?’, आणि मग प्रकार: ठणकतंय, टोचतंय, आग होतेय, कळ येतेय, अवघडलंय? आपल्या भाषेत दुखण्याला शब्दांची कमी नाही, आणि प्रत्येक शब्द वेगळीकडे बोट दाखवतो. ‘टोचतंय’ला हो आलं तर मी आधी अंगाखाली हात घालून बघते. ‘अवघडलंय’ला हो आलं तर कूस बदलायची वेळ झालेली असते.

उत्तर कसं द्यायचं हेही ठरवून घ्या. आपल्याकडची मान डोलवण्याची तऱ्हा फसवी आहे. ‘हो’ही तसंच आणि ‘नाही’ही तसंच. त्यापेक्षा ‘हो असेल तर डोळे एकदा मिटा’ म्हणा. हात दाबायला सांगणार असाल तर सोडायलाही सांगा, कारण काही रुग्णांची मूठ स्पर्शानेच आपोआप वळते. उत्तर खरं आहे ना, हे एका उलट्या प्रश्नाने तपासा. ‘आत्ता तुम्ही घरी आहात का?’ यालाही ‘हो’ आलं तर मघाचा ‘हो’ धरू नका.

ज्याला आकडा दाखवता येतो त्याच्यापुढे ० ते १० ची आडवी, मोठ्या अक्षरातली पट्टी धरा. देवनागरी आणि इंग्रजी दोन्ही आकडे लिहा, शाळेत कोण कुठले आकडे शिकलंय सांगता येत नाही. काही म्हाताऱ्या माणसांना दहापैकी आकडा सांगणं जमत नाही, पण ‘रुपयात किती आणे दुखतंय?’ म्हटलं की लगेच बोटं वर येतात. चार बोटं म्हणजे चार आणे. ट्रॅकिओस्टॉमीवरच्या (गळ्यातून श्वासाची नळी घातलेल्या) एका आजींशी माझं पंधरा दिवस हेच चाललं होतं. ही काही तपासून सिद्ध केलेली मोजपट्टी नाही, त्यामुळे चार्टवर आणे लिहू नका. पण सकाळी बारा आणे होतं ते संध्याकाळी चार आण्यांवर आलं, एवढं कळायला पुरतं.

दुसरी पायरी: चादर बाजूला करा

उत्तर मिळत नसेल तर चेहरा बघण्याआधी एक साधा विचार करा. या जागी आपण पडलेले असतो तर आपल्याला दुखलं असतं का? पोटावर टाके, बरगड्यांमध्ये नळी, मोडलेला पाय, भाजलेली कातडी. यातलं एक जरी असेल तर दुखतंय असं धरूनच चला. ‘दुखत नाही’ हे आपल्याला दाखवून द्यावं लागतं, ‘दुखतंय’ हे रुग्णाने नाही.

मग डोक्यापासून पायापर्यंत एकदा हात फिरवा. नळी ओठाच्या एकाच कोपऱ्यावर दाबली जातेय का? राइल्स ट्यूबची (नाकातून पोटात जाणाऱ्या नळीची) टेप नाकपुडी ओढतेय का? सलाइन शिरेबाहेर जाऊन हात सुजलाय का? कॅथेटर पिळलं जाऊन ओटीपोट टणक झालंय का? किती दिवस शौचाला झालेलं नाही? माकडहाडाजवळची कातडी लाल आहे का? ड्रेसिंग जखमेला चिकटलंय का? पाठीखाली सुईचं टोपण, लाइनचा थ्री-वे, ईसीजीची वायर?

जुनी दुखणीही विचारात घ्या. गुडघे झिजलेली बाई न्यूमोनियासाठी आली म्हणून तिचे गुडघे दुखायचे थांबत नाहीत. उलट घरी ती रोज गोळी घेत असते आणि इथे ती गोळी कुणाच्या लक्षात नसते.

यातल्या निम्म्या गोष्टींना इंजेक्शन लागत नाही. पिळलेलं कॅथेटर सरळ केलं की ‘अस्वस्थ’ रुग्ण पाच मिनिटांत झोपतो, हे प्रत्येक सीनियर सिस्टरने पाहिलेलं आहे.

तिसरी पायरी: गुंगी किती, ते आधी बघा

गुंगी मोजणारा रास स्कोअर तुम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवतील. शून्य म्हणजे जागा आणि शांत, वर अधिक चारपर्यंत धडपड, खाली उणे पाचपर्यंत गुंगी. उणे पाच म्हणजे हलवूनही काहीच प्रतिसाद नाही. दुखणं ओळखायची मोजपट्टी (ती चौथ्या पायरीत येते) शरीराच्या हालचालींवर चालते, त्यामुळे उणे पाचवर तिला अर्थ उरत नाही. रास उणे चार असताना त्या मोजपट्टीवर शून्य आला तर त्या शून्यावर विसंबू नका.

इथे दोन गैरसमज पहिल्याच दिवशी काढून टाका.

मिडाझोलाम किंवा प्रोपोफॉल चालू आहे म्हणून दुखत नसेल, हा पहिला. ही गुंगीची औषधं आहेत, वेदनाशामक नव्हेत. त्यांनी चेहरा शांत होतो आणि दुखणं आतच राहतं. म्हणूनच आता बहुतेक ठिकाणी आधी दुखण्याचं औषध आणि मग लागलीच तर गुंगी, असा क्रम ठेवतात.

दुसरा गैरसमज जीसीएसचा, म्हणजे रुग्ण कितपत शुद्धीवर आहे ते मोजणाऱ्या आकड्याचा. जीसीएसमध्ये ‘पेनला रिस्पॉन्स’ असतो, तो बघून नवीन मुलं म्हणतात, ‘मॅडम, पेन चेक केलं.’ नखावर दाबून हात ओढला की नाही, हे मेंदूचं काम कसं चाललंय ते सांगतं. या माणसाला आत्ता दुखतंय का, हा प्रश्न त्यात विचारलेलाच नाही. दुखणं शोधायला चिमटे काढू नका. सक्शन (नळीतला कफ ओढून काढणं) आहे, ड्रेसिंग आहे, कूस बदलणं आहे. दुखायला दिवसभरात निमित्तं भरपूर असतात.

चौथी पायरी: सीपॉट

न बोलणाऱ्या मोठ्या माणसांसाठी दोन मोजपट्ट्या जगभर मानल्या जातात. फ्रान्समध्ये ग्रनोब्लच्या पायेन आणि सहकाऱ्यांची बीपीएस (बिहेवियरल पेन स्केल) २००१ची. कॅनडातल्या क्विबेकच्या सेलीन जेलिना यांची सीपॉट (क्रिटिकल-केअर पेन ऑब्झर्व्हेशन टूल) २००६ची. जेलिना स्वतः परिचारिका, हे मी मुद्दाम सांगते. त्यांनी हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या १०५ रुग्णांवर ती तपासली आणि नळी निघाल्यावर त्याच रुग्णांना विचारून आकडा जुळतो का तेही पाहिलं. २०१८ साली अमेरिकेच्या सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिनने काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्येही याच दोघी आहेत. तुमच्या युनिटमध्ये जी चालते ती वापरा. मी सीपॉट वापरते, म्हणून तीच सांगते.

चार गोष्टी बघायच्या, प्रत्येकीला शून्य ते दोन, एकूण आठ. तीन किंवा जास्त आले की दुखतंय असं समजायचं. बीपीएसमध्ये तीन गोष्टी, प्रत्येकी एक ते चार, एकूण तीन ते बारा, आणि पाचच्या वर गेलं की दुखणं. दोन्ही आकड्यांची सरमिसळ करू नका. बीपीएसचा तीन म्हणजे आरामात, सीपॉटचा तीन म्हणजे फोन उचला.

चेहरा. सैल असेल तर शून्य. कपाळाला आठी, भुवया खाली, डोळ्यांभोवती ताण आला की एक. सक्शन किंवा ड्रेसिंग करताना एकदम डोळे उघडले किंवा डोळ्यांत पाणी आलं तरी एक. हे सगळं होऊन पापण्या गच्च मिटल्या तर दोन. अशा वेळी काही जण नळीसुद्धा चावतात. सगळ्यात जास्त चुकतो तो इथला एक. नळीच्या टेपने गाल ओढलेले, ओठ सुजलेले, त्यात आठी दिसतच नाही. कपाळ आणि भुवया बघा, तोंड सोडून द्या.

हालचाल. काही नाही किंवा नेहमीसारखं पडलेलं असेल तर शून्य. सावकाश, जपून हलणं, दुखऱ्या जागेकडे हात नेणं, ती चोळणं, आपलं लक्ष वेधायला हात हलवणं याला एक. नळी ओढणं, उठून बसायला बघणं, हातपाय झाडणं, मारायला येणं याला दोन. पोटावर अलगद ठेवलेल्या हाताला मी फार मान देते. तो हात सहज ठेवलेला आहे की टाक्यांवर पहारा देतोय, हे जरा वेळ बघितलं तर कळतं. आणि हात बांधलेले असतील तर या रकान्यातला शून्य फसवा असतो. अशा वेळी मनगटाच्या पट्टीकडे बघा, ती ओढून ताणलेली आहे का?

व्हेंटिलेटर. श्वास मशीनशी जुळलेला, अलार्म नाही तर शून्य. खोकला येतो, अलार्म वाजतो आणि आपोआप थांबतो तर एक. मशीनशी भांडण, श्वास अडवणं, अलार्मवर अलार्म याला दोन. नळी नसेल तर याच जागी आवाज बघायचा: नेहमीचा सूर किंवा शांतता शून्य, सुस्कारा किंवा कण्हणं एक, ओरडणं किंवा हुंदके दोन. खोकल्याचा एक देण्याआधी नळीत कफ साठलाय का ते ऐका. तो कफ असेल तर सक्शन करून पुन्हा बघा.

स्नायूंचा ताण. हा शेवटी बघायचा, कारण यासाठी हात लावावा लागतो आणि हात लावला की बाकीचं बदलतं. रुग्णाचा हात धरून कोपरात सावकाश वाकवा आणि सरळ करा. सहज वाकला तर शून्य. विरोध जाणवला तर एक. इतका ताठ की वाकवताच येत नाही तर दोन. अर्धांगवायू असेल तर चांगल्या बाजूचा हात घ्या.

आधी पूर्ण एक मिनिट नुसतं उभं राहून बघा. घड्याळ लावून. आयसीयूत एक मिनिट नुसतं उभं राहणं किती अवघड आहे, हे पहिल्यांदा करताना कळेल. पंधराव्या सेकंदाला हात आपोआप सलाइनच्या सेटकडे जातो.

आणखी एक. सीपॉट सहा आला म्हणजे दहापैकी सहा दुखतंय, असं नाही. मोजपट्टी दुखतंय की नाही, एवढंच सांगते. किती दुखतंय, ते ज्याचं त्यालाच माहीत.

पाचवी पायरी: हलवताना बघा

पडल्या पडल्या काढलेला आकडा ही नुसती सुरुवात. खरा आकडा कूस बदलताना, सक्शन करताना, ड्रेसिंग काढताना मिळतो. हे आपल्याला बोलू शकणाऱ्यांनीच सांगितलेलं आहे. २००१ साली पुंटिलो आणि सहकाऱ्यांनी हजारो रुग्णांना विचारलं, तेव्हा मोठ्या माणसांनी सुई किंवा नळी नव्हे, तर कूस बदलणं सगळ्यात जास्त दुखतं म्हणून सांगितलं. आपण जे ‘बॅक केअर’ म्हणून दोन-दोन तासांनी हसतखेळत करतो, तेच! पुढे २०१४ साली त्यांचाच २८ देशांतला अभ्यास आला. त्यात छातीतली नळी काढणं, जखमेतला ड्रेन काढणं आणि आर्टरी लाइन घालणं ही सगळ्यात दुखरी कामं ठरली.

हे हातात कसं येतं ते दाखवते. सकाळचे सहा, स्पंजिंगची वेळ. मोठ्या शस्त्रक्रियेनंतरची एक रुग्ण, नळीवर, रास उणे दोन. मिनिटभर बघितलं: चेहरा शून्य, हालचाल शून्य, व्हेंटिलेटर शून्य, हाताला थोडा विरोध म्हणून एक. एकूण एक. इथेच थांबले असते तर नोट ठरलेली होती. मग वॉर्डच्या मामांनी खांदा धरला, मी कंबर धरली आणि डावीकडे वळवलं. पापण्या गच्च, दोन. उजवा हात पोटाकडे गेला, एक. खोकला आणि अलार्म, आपोआप थांबला, एक. अंग आखडलं, एक. एकूण पाच. वळवून झाल्यावर तीन मिनिटांनी पुन्हा एकवर. म्हणजे दिवसातून दहा-बारा वेळा या बाईला पाचचं दुखणं आम्ही देत होतो आणि प्रत्येक वेळी चार्टवर एकच लिहिला जात होता.

असं करायचं असेल तर दोघांनी कामं वाटून घ्यावी लागतात. वळवणाऱ्यांपैकी एकाचे डोळे फक्त चेहऱ्यावर. आधी ठरवलं नाही तर दोघंही लाइन आणि नळ्या सांभाळत बसतात, आणि ते चूकही नाही, नळी निघाली तर मोठी आफत. म्हणून डोक्याकडे उभा राहून नळी धरणाऱ्यानेच चेहरा बघावा. त्याला तो सगळ्यात जवळून दिसतो.

मॉनिटरचं काय?

नाडी वाढली, बीपी वाढलं म्हणजे दुखतंय, असं आम्हालाही शिकवलं होतं. आज तसं मानत नाहीत. ताप, रक्तस्राव, भीती, बीपी वाढवणाऱ्या नॉरअॅड्रेनालिनचा पंप, कशानेही नाडी पळते. उलट बीटा ब्लॉकरवरच्या किंवा पेसमेकरवरच्या माणसाची नाडी कितीही दुखलं तरी जागची हलेलच असं नाही. आकडा वाढला तर तो ‘जाऊन बघ’ असा इशारा समजा. आकडा वाढला नाही म्हणून ‘दुखत नाही’ असं मात्र लिहू नका.

आणि रुग्ण एकदम धडपडायला लागला तर आधी ऑक्सिजन. सॅच्युरेशन, नळीची दातांजवळची पातळी, नळी कफाने बंद झालीय का, दोन्ही बाजूंना हवा जातेय का. मग बीपी, शुगर, लघवी. त्यानंतर दुखणं. हा क्रम उलटा झाला आणि गुदमरणाऱ्याला वेदनाशामक दिलं, तर जीव जाऊ शकतो. डेलिरियममुळेही (आजारपणात होणाऱ्या भ्रमामुळे) माणूस असाच नळ्या ओढतो. मग फरक कसा ओळखायचा? मी बघते की स्पर्शाने, हलवण्याने धडपड वाढते का आणि विशिष्ट जागेकडे हात जातो का. तसं असेल तर दुखण्याकडे झुकतं माप. पण दोन्ही एकत्रही असतात, त्यामुळे हा अंदाजच समजा.

घरच्यांना विचारा

भेटीच्या वेळी ‘दुखतंय असं वाटतं का?’ विचारलं तर मुलगी रडायला लागते, काय बोलणार ती? तिला माहीत असलेलं विचारा: ‘घरी दुखलं की बाबा काय करतात?’ कोणी गप्प होतं, कोणी कपाळावर हात आडवा ठेवतं, कोणी पाय एकावर एक चोळतं. एका मुलीने सांगितलं होतं, ‘आईचं डोकं दुखलं की ती अंगठा मुठीत धरते.’ हे कुठल्या मोजपट्टीत नसतं. केसपेपरच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा म्हणजे तिन्ही पाळ्यांना कळेल. घरच्यांच्या मताला आपल्या निरीक्षणाची जोड द्या, त्यांच्या एकट्याच्या शब्दावर औषध ठरत नाही. पण ‘आज काहीतरी वेगळं आहे’ असं बायको म्हणाली तर मी पुन्हा मिनिटभर उभी राहते.

मोजपट्टी चालत नाही तेव्हा

व्हेक्युरोनियम, अट्राक्युरियम ही स्नायू सैल करणारी औषधं दिलेला रुग्ण भुवईसुद्धा हलवू शकत नाही. सगळं ऐकू येत असेल, सगळं दुखत असेल, आणि सीपॉट शून्य. अशा वेळी स्कोअर काढायचाच नाही, ‘लागू नाही’ असं लिहायचं, दुखतंय असं धरायचं. वेदनाशामक आणि पुरेशी गुंगी चालू असल्याची खात्री स्नायू सैल करणारं औषध सुरू होण्याआधीच करायची. तो पंप चालू असताना फेंटॅनिल या वेदनाशामकाची सिरिंज संपत आली तर दुसरी भरलेली हाताशी हवी. ही दहा मिनिटांची फट रुग्णाला कशी जात असेल, याची कल्पना करवत नाही. डोळ्यांतून पाणी, एकदम घाम, मोठ्या झालेल्या बाहुल्या दिसल्या तर लगेच कळवा.

मानेपासून खाली लुळा झालेल्या माणसाचंही तसंच. हालचालीचे रकाने त्याच्या कामाचे नाहीत. पण तो बहुतेक वेळा डोळ्यांनी सांगू शकतो, तेव्हा परत पहिल्या पायरीवर या.

डोक्याला मार लागलेल्यांचं थोडं वेगळं आहे. त्यांच्या कपाळावर ठरावीक आठी कमी दिसते. त्याऐवजी एकदम डोळे उघडणं, चेहरा लाल होणं, डोळ्यांत पाणी येणं जास्त दिसतं. म्हणून त्यांच्या बाबतीत सीपॉट काढाच, पण यातलं काही दिसलं तर शेजारी शब्दांत लिहा. हातपाय ताठ होऊन आत वळत असतील तर ते दुखणं समजून गप्प बसू नका, मेंदूवरचा दाब वाढल्याचं लक्षण असू शकतं.

आकडा आला, पुढे काय?

तीन किंवा जास्त असेल तर कळवायचं, पण हात हलवत नाही. फोनवर ‘सर, पेशंट इरिटेबल आहे’ म्हटलं की उत्तर येतं, ‘मिडाझ वाढवा’. त्याऐवजी असं सांगा: ‘पडलेले असताना एक, वळवताना पाच, कॅथेटर आणि लाइन तपासली, सॅच्युरेशन ठीक, शेवटचं पॅरासिटामॉल रात्री दहाला.’ मग बोलणं दुखण्यावर होतं.

फेंटॅनिल, मॉर्फिन कुलपात असतं, रजिस्टरवर सह्या लागतात. त्यामुळे पहाटे चारला ‘सकाळी बघू’ असं मनात येतं. मलाही आलंय. हे टाळायचा उपाय म्हणजे वळवणं, ड्रेसिंग, ड्रेन काढणं यांच्यासाठी आधीच ऑर्डर लिहून घ्यायची. काम सुरू करण्याआधी द्यायचं, नंतर नाही.

दिल्यावर पुन्हा मोजायचं, पण औषधाचा जोर असतो तेव्हा. शिरेतून दिलेलं फेंटॅनिल चार-पाच मिनिटांत जोर धरतं, मॉर्फिनला पंधरा-वीस मिनिटं लागतात, सलाइनसारखं दिलेल्या पॅरासिटामॉलला अर्धा-पाऊण तास द्या. मॉर्फिन देऊन तिसऱ्या मिनिटाला ‘फरक नाही’ लिहिणं आणि फेंटॅनिल देऊन चार तासांनी ‘दुखतंय’ लिहिणं, दोन्हीतून काही कळत नाही. मोजताना श्वास आणि बीपीही बघा, कारण फेंटॅनिल-मॉर्फिनने दोन्ही खाली येऊ शकतात. नळी नसलेल्या रुग्णाच्या बाबतीत तर श्वासाकडे आधी.

कारण दिसत नाही, आकडा मधलाच आहे, पण मनाला पटत नाही, असंही होतं. अशा वेळी डॉक्टर एक छोटा डोस देऊन बघतात. आठी गेली, मूठ सुटली तर उत्तर मिळालं.

नोट कशी लिहायची

किती तासांनी मोजायचं ते युनिटचा चार्ट सांगेल. बहुतेक ठिकाणी चार तासांनी आणि प्रत्येक दुखऱ्या कामाच्या वेळी. ‘सीपॉट ३’ एवढंच लिहू नका, चारही रकाने लिहा. चेहऱ्याचे दोन आणि व्हेंटिलेटरचे दोन यांचा अर्थ वेगळा असतो, आणि पुढची पाळी घेणाऱ्या सिस्टरला तेच हवं असतं.

मघाच्या बाईंची दुसऱ्या दिवशीची नोट अशी होती: ‘५.५० वाजता पडलेले असताना सीपॉट १. ५.५५ ला ऑर्डरप्रमाणे फेंटॅनिल. ६.०० वाजता डाव्या कुशीवर वळवताना सीपॉट २, चेहरा १, हालचाल ०, व्हेंटिलेटर १, ताण ०. पोटाकडे हात नेला नाही. पाठीखाली हात घालून पाहिलं, काही नाही.’